पावसाळ्याआधी इनबोर्ड बोट शाकारताना: पहिल्यांदाच बोट घेतलेल्यांसाठी

माझ्या बोटीत पहिल्यांदा गुडघाभर पाणी साठलं तेव्हा ती समुद्रात नव्हतीच. किनाऱ्यापासून चाळीस पावलं वर, माडांच्या आडोशाला, लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. जुलैचा पहिला आठवडा होता. तळाचं बूच मी आठवणीने काढून ठेवलं होतं, तरी पाणी गिअरबॉक्सच्या वर गेलेलं. हात घालून चाचपलं तर बुचाच्या भोकावर शेजारच्या फणसाचं एक पान चिकटून बसलेलं. एकच पान. ते ओढलं तशी मागून जी धार लागली ती तासाभराने थांबली.

नंतर शांतपणे हिशोब केला. बोट ३० फूट लांब, १० फूट रुंद. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तेवढ्या जागेवर साधारण २,८०० लिटर पाणी येतं, म्हणजे पावणेतीन टन. कोकणात जुलैमध्ये १०० मिलिमीटरच्या दिवसाचं कुणाला नवल वाटत नाही. त्या वर्षी स्टार्टर मोटर गेली, गिअरबॉक्स उघडावा लागला, आणि शाकारणीकडे मी ‘ताडपत्री टाकली की झालं’ एवढ्याच नजरेने बघत होतो हे कळलं.

हा लेख २५ ते ३५ फुटी फायबरची बोट, मधोमध डिझेल इंजिन, मागे शाफ्ट आणि पंखा, अशी जोडी ज्यांच्याकडे नुकतीच आली आहे त्यांच्यासाठी आहे. लाकडी होडीचं शास्त्र वेगळं. ती मे महिन्याच्या उन्हात जास्त सुकली तर फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. तिथे गावातल्या होडीच्या सुताराचं ऐका, माझं नको.

कधी सुरुवात करायची

महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं, ३१ मेपर्यंत वेळ आहे. तसा तो नसतो. तौक्ते वादळ १६-१७ मे २०२१ ला किनाऱ्याला घासून वर गेलं. निसर्ग ३ जून २०२० ला रायगडात श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर चढलं. मुंबईत पाऊस पोहोचायची सरासरी तारीख ११ जून, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच दाखल झाला. मी आता १५ मेनंतर लांबची फेरी मारत नाही आणि २० मेच्या आत बोट वर काढतो. शेवटच्या आठवड्यात जेसीबीवाला फोन उचलत नाही, ओढायला माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तर तोंडाला येईल तो भाव सांगतात.

दिवस निवडताना कॅलेंडरमधली तिथी बघा. बोट वर घ्यायची ती उधाणाच्या भरतीला, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत. कोळीवाड्यातला जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन. हा अंदाज झाला, नेमकी वेळ तुमच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला ओढायला गेलात तर पाणी हवं तेवढं चढत नाही आणि बोट पुळणीवर अर्ध्यात बसते. मग पुढच्या उधाणापर्यंत रोज तिच्याकडे बघत बसायचं.

बोट पाण्यात असतानाच उरकायची कामं

इंजिन ऑइल आत्ताच बदला. ‘सीझन सुरू होताना नवं घालू’ हा हिशोब चुकीचा आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते आणि ते दोन-तीन महिने बेअरिंगांना चिकटून बसतं. अर्धा तास इंजिन चालवून ऑइल गरम करा, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर निघतो. इनबोर्डमध्ये खालच्या बोल्टपर्यंत हात बहुधा पोहोचत नाही, त्यामुळे डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ऑइल ओढून काढावं लागतं. फिल्टर बदला, नवं ऑइल भरा, पाच मिनिटं इंजिन चालवून ते सगळीकडे फिरू द्या. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजात द्या. खाडीत ओतणारे आहेत, आपण त्यांच्यात नको.

गिअरबॉक्सचं ऑइलही बघा. दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला तर आत पाणी गेलेलं आहे. बहुतेकदा ऑइल कूलर गळत असतो. हे मेमध्ये कळलं तर दुरुस्तीला अख्खा पावसाळा मिळतो.

डिझेल: टाकी भरलेली किंवा कोरडी

अर्धी टाकी ठेवू नका. रिकाम्या भागातल्या दमट हवेचं पाणी होतं, ते तळाशी बसतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून काळपट, बुळबुळीत साय धरते. ऑगस्टमध्ये पहिल्याच फेरीत लाटांनी ती ढवळली जाते आणि फिल्टर चोंदतो, तोही बोट खडकांजवळ असताना.

आधी टाकीच्या तळातून अर्धा लिटर डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि रात्रभर ठेवा. खाली पाण्याचा थर दिसला तर तळ स्वच्छ होईपर्यंत काढत राहा. मग जंतुनाशक औषध डब्यावरच्या प्रमाणात घालून टाकी जवळजवळ भरा. उन्हात डिझेल फुगतं, म्हणून वर थोडी जागा सोडा. यानंतर इंजिन दहा मिनिटं चालवलं की औषधाचं डिझेल पंप आणि नोझलपर्यंत पोहोचतं. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची वाटी रिकामी करायला विसरू नका.

बोट निर्जन ठिकाणी उभी राहणार असेल तर भरलेली टाकी म्हणजे चोराला आमंत्रण. तिथे मी टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, कोरडी ठेवेन.

वर ओढताना

फायबरच्या बोटीचा भार कण्यावर, म्हणजे पठाणावर आला पाहिजे. बाजूचे टेकू फक्त कलंडू नये म्हणून. पठाणाखाली तीन किंवा चार ठिकाणी जाड ठोकळे द्या, आणि ठोकळ्यांखाली रुंद फळी. नुसत्या रेतीवर ठेवलेला ठोकळा दोन मोठ्या पावसांत खचतो. वाळूच्या गोण्यांचा आधार मेमध्ये छान दिसतो, पण जुलैमध्ये गोणी फाटली की वाळू वाहून जाते. बाजूच्या टेकूंना जुन्या टायरचा तुकडा लावला की फायबरवर ओरखडे उठत नाहीत.

जागा निवडताना नेहमीच्या भरतीची खूण बघू नका. मोठ्या उधाणाला वाऱ्याची साथ मिळाली की पाणी कुठवर येतं ते जुन्या माणसांना विचारा. आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, चार-सहा बोटं उंच ठेवा. आत पडलेला प्रत्येक थेंब आपोआप मागे, बुचाकडे गेला पाहिजे. बादलीभर पाणी पुढच्या बाजूला ओतून बघा. मध्ये कुठे थांबलं तर ठोकळे पुन्हा लावा. माडाखाली नेमकं नारळ पडतील अशा जागी उभी करू नका, हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतो.

काहीजण बोट वर काढतच नाहीत, खाडीत आत नेऊन बांधतात. पुरात वाहून येणारे ओंडके, दोरांचं घासणं आणि पंपावर विसंबून काढलेल्या रात्री, हे तुमच्या जिवाला झेपणार असेल तरच.

तळ त्याच दिवशी खरवडा

बार्नेकल, म्हणजे तळाला चिकटून वाढणारे कवचाचे जीव, ओले असतानाच निघतात. दोन दिवस उन्हात वाळले की सिमेंट. लोखंडी खरवडणी फायबरच्या वरच्या थराला खड्डे पाडते, म्हणून लाकडी किंवा प्लॅस्टिकची वापरा आणि मग गोड्या पाण्याने धुऊन काढा.

पंखा दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर शाफ्टचं मागचं बेअरिंग झिजलंय. पितळी पंख्यावर गुलाबी, तांबूस डाग दिसले तर त्यातलं जस्त समुद्राच्या पाण्याने खाल्लं आहे आणि पंखा ठिसूळ होतोय. जस्ताचे तुकडे, म्हणजे झिंक, अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर नवे लावा. झिंक झिजणं चांगलंच, ते स्वतः झिजून बाकी धातू वाचवतं. पण त्यावर रंग मारू नका. रंगवलेलं झिंक काही कामाचं नाही. तरी दरवर्षी कुणीतरी हौसेने ते रंगवतोच.

शाफ्ट जिथून बाहेर जातो त्या ग्लँडमधली दोरी कडक झाली असेल तर बदलायला याहून चांगली वेळ नाही.

इंजिनातलं खारं पाणी काढणं

बोट वर आली, तळ धुतला, आता खरं काम. इनबोर्ड इंजिन समुद्राचं पाणी आत ओढून स्वतःला गार करतं. ते पाणी तसंच राहिलं की सुकतं, मीठ उरतं, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ते मीठ पुन्हा ओल धरतं. हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे समुद्राच्या पाण्याने इंजिनाचा कूलंट गार करणाऱ्या भागाच्या, बारीक नळ्या अशाच आतून चोंदतात.

दोनशे लिटरचं पिंप आणि ते भरत राहणारा नळाचा पाइप घ्या. समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद करा, पंपाकडे जाणारा पाइप तिथून काढून पिंपात बुडवा. मग इंजिन सुरू करा आणि कमी वेगावर दहा-पंधरा मिनिटं चालवा. एक माणूस फक्त पिंपाकडे बघायला ठेवा. पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ओढणारं पात्यांचं चाक, पाण्याशिवाय मिनिटभरातच जळायला लागतो.

यात दोन चुका महाग पडतात. पहिली, नळाचा पाइप जोर लावून थेट इंजिनात खुपसणं. इंजिन बंद असताना हे पाणी एक्झॉस्टच्या डब्यात भरतं आणि मागे येऊन सिलिंडरमध्ये उतरतं. मग स्टार्टर मारला की पिस्टनला पाणी दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी पंपानेच ओढलं पाहिजे, तेही इंजिन चालू असताना. दुसरी चूक, जमिनीवर गिअर टाकून ‘पंखा फिरतोय का’ बघणं. मागचं रबरी बेअरिंग पाण्यानेच वंगण घेतं. कोरडं फिरलं की गेलं.

धुऊन झालं की खारं पाणी जिथे जिथे फिरतं तिथल्या सगळ्या निचऱ्याच्या चाव्या उघडून पाणी काढून टाका. इंपेलर बाहेर काढा. महिनोन्‌महिने एकाच जागी दबून राहिलं की त्याची पाती वाकडी बसतात. एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधा, तो बहुतेक हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो. परत बसवताना ग्रीस नको, साबणाचं पाणी लावा.

नव्याने बोट घेतलेले बरेचजण परदेशातले व्हिडिओ बघून विचारतात, ‘ते गुलाबी अँटीफ्रीझ कुठे मिळेल?’ ती भानगड टोरांटो-मिशिगनची. तिथे पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवतं, म्हणून खाऱ्या किंवा तळ्याच्या पाण्याच्या वाटेत ते भरून ठेवतात. तिथे राहून बोट ठेवणाऱ्या मराठी मंडळींना ते चुकवता येणार नाही. आपल्याकडे त्या वाटा धुऊन कोरड्या ठेवल्या की पुरे. इंजिनाच्या बंद चक्रातला कूलंट मात्र इथेही लागतो, गोठू नये म्हणून नाही तर आतून गंजू नये म्हणून. तिथे नुसतं नळाचं पाणी असेल तर बदला, आणि टोपी इंजिन गार झाल्यावरच उघडा.

शेवटी हवा घेण्याचं तोंड आणि एक्झॉस्ट ऑइलात भिजवलेल्या फडक्याने बंद करा. प्रत्येक फडक्याची नोंद एका चिठ्ठीवर करा आणि चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून इंजिनाच्या किल्लीला बांधा. माझ्या चिठ्ठीवर सहा ओळी असतात: बूच, इंपेलर, चाव्या, हवेचं फडकं, एक्झॉस्टचं फडकं, कॉक.

बॅटरी आणि वायरी

आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. बॅटरी घरी न्या, डिस्टिल्ड वॉटर बघा, पूर्ण चार्ज करा. विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या वर असली पाहिजे, १२.४ च्या खाली आली की पुन्हा चार्जिंग. टोकांना व्हॅसलिन चोळा. पण बॅटरी घरी नेली की बोटीतला आपोआप चालणारा पंपही झोपला, हे लक्षात असू द्या. आता सगळी भिस्त बुचाच्या भोकावर.

आतलं सामान

लाइफ जॅकेट, दोर, गाद्या, जाळी, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी, सगळं घरी. कपड्याची एक चिंधीही राहिली तर बुरशी आणि उंदीर दोन्ही येतात. पाटाखालच्या फळ्या काढून उभ्या करा, कप्प्यांची दारं उघडी ठेवा.

शाकारणी

पूर्वी होड्यांवर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालायचे. हल्ली निळी ताडपत्री. झाप पाणी बाहेर ठेवायचे आणि वारा आत सोडायचे, ताडपत्रीला ते आपसूक जमत नाही. माझ्या पहिल्या वर्षी मी ताडपत्री चारी बाजूंनी आवळून, बोटीच्या पोटाखालून दोर घेऊन पक्की बांधली आणि अभिमानाने उभा राहिलो. आमच्या बंदरावरचे एक म्हातारे तांडेल, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते येऊन बघून गेले.

“आबा, एक थेंब जाणार नाही आत,” मी म्हटलं.

“पोरा, होडी शाकारतोयस की लोणचं घालतोयस? वारा खेळू दे जरा.”

ऐकलं नाही. पंधरा दिवसांनी आत वास सुटला होता, आणि स्टीलच्या प्रत्येक नटावर तांबूस पावडर.

आता असं करतो. नाळेपासून मागेपर्यंत मध्यभागी एक लांब बांबू, आढ्यासारखा, उभ्या टेकूंवर, आतल्या सगळ्यात उंच वस्तूच्या हातभर वर. त्यावरून दोन्ही बाजूंना बांबूचे वासे. उतार घराच्या कौलांपेक्षा जास्त ठेवायचा, कारण सपाट ताडपत्रीत पाण्याची पोटं धरतात आणि एक पोट फुटलं की सगळं पाणी आत. बांबूची टोकं गोणपाटाने गुंडाळायची, नाहीतर तीच ताडपत्री फाडतात. ताडपत्री बोटीच्या कडेच्या खाली हातभर उतरली पाहिजे, पण बोटीला चिकटता कामा नये. दोर कधीही फायबरवरून आवळू नका. वाऱ्याने ते करवतीसारखे चालतात आणि चकाकी खातात. मी खाली जमिनीत मेखा ठोकून त्यांना बांधतो.

पावसाळी वारा नैऋत्येकडून. त्या बाजूचं टोक खालपर्यंत झाकायचं, उलट बाजूचं टोक वरून थोडं उघडं. एकूण आकार इरलं घालून वाकलेल्या माणसासारखा दिसायला लागला की काम जमलं समजा.

आता भोकं. बुचाच्या भोकावर आतून जाळीची छोटी टोपली बसवा, तिच्याभोवती पाच-सहा बोटं मोकळी जागा ठेवा, म्हणजे पान आलं तरी टोपलीला अडतं, भोकाला नाही. बाहेरच्या तोंडांना, टाकीच्या हवेच्या नळीला, पंपाच्या पाइपला बारीक जाळी बांधा. कुंभारीण माशीला ही भोकं भारी आवडतात. ती चार दिवसांत मातीचं घर बांधून नळी बंद करते, आणि तुम्ही ऑगस्टमध्ये ‘पंप चालतोय पण पाणी का जात नाही’ म्हणून डोकं धरून बसता.

मधल्या फेऱ्या

आठवड्यातून एकदा जा, आणि मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी. बुचातून पाणी गळतंय का, ताडपत्रीत पोट धरलंय का, ठोकळे खचलेत का, एवढंच बघायचं. आत हात घालण्याआधी काठीने वाजवा. इंजिनाखालची कोरडी, उबदार जागा धामणीलाही पसंत पडते.

‘अधूनमधून पाच मिनिटं चालू करावं, म्हणजे इंजिन मोकळं राहतं’ असं तुम्हाला निदान चार लोक सांगतील. मला पटत नाही. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, आत वाफ मात्र धरते. आणि इंपेलर काढलेला असताना चालू केलंत तर गार करायला पाणीच नाही. त्यापेक्षा पंधरवड्याने क्रँकच्या पुलीला पाना लावून, नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच, हाताने एक-दीड फेरा द्या. पिस्टन जागचा हलतो आणि ऑइल पसरतं.

पुन्हा पाण्यात

बंदी ३१ जुलैला संपते, पण बरेचजण नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊनच होडी लोटतात. समुद्र तेव्हाही पुरता शांत झालेला नसतो, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. किल्लीची चिठ्ठी घ्या, एकेका ओळीवर काट मारत जा, आणि शेवटची ओळ कापल्याशिवाय बॅटरी जोडू नका. बोट पाण्यात उतरली की लगेच दोर सोडू नका, दहा मिनिटं आत वाकून ग्लँड आणि कॉक बघा. ग्लँडमधून मिनिटाला दोन-चार थेंब येणं ठीक, धार लागली तर नट थोडा आवळा. इंजिन सुरू झालं की मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी उडतंय का बघा. अर्ध्या मिनिटात दिसलं नाही तर इंजिन बंद करा आणि आधी बघा, कॉक उघडलाय का.